पगार नाकारणारी पलटण

अमेरिकेचा इतिहास शिकवताना मी ५४ व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीपाशी दरवर्षी थोडा रेंगाळतो. गेल्या वर्षी वसतिगृहात राहणाऱ्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले, "सर, घरी पोरंबाळं उपाशी होती, मग त्यांनी मिळत होता तेवढा तरी पगार का घेतला नाही?" त्या तासाला मला नीट उत्तर देता आले नाही. तो प्रश्न मनात ठेवून मी हे लिहीत आहे.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलाम बाळगणारी दक्षिणेकडची राज्ये फुटून निघाली आणि उत्तरेने ती फूट मान्य केली नाही. सुरुवातीला उत्तरेचे सरकारही संघराज्य टिकवण्याचीच भाषा करीत होते. गुलामी मोडण्याची नव्हे. जुलै १८६२ च्या कायद्याने काळ्या माणसांना सैन्यात घेण्याची वाट उघडली, पण ती मुख्यतः खंदक खणायला आणि ओझी वाहायला. त्यांचा पगारही त्याच हिशेबाने ठरला. हा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले.

१ जानेवारी १८६३ रोजी लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा आला. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी काळ्या स्वयंसेवकांची पायदळ पलटण उभारायला घेतली. स्वतः गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस गावोगाव सांगत फिरला आणि त्याची दोन मुले, लुईस आणि चार्ल्स, या पलटणीत भरती झाली. बॉस्टनजवळच्या रीडव्हिलच्या छावणीत जमलेल्यांत खलाशी होते, न्हावी होते, शेतमजूर होते. बहुतेक उत्तरेतले जन्मतः स्वतंत्र, काही पळून आलेले गुलाम. १९८९ च्या 'ग्लोरी' चित्रपटात बहुतेक शिपाई पळालेले गुलाम दाखवले आहेत, ते खरे नाही. अधिकारी मात्र सगळे गोरे. कर्नल रॉबर्ट गूल्ड शॉ पंचविशीतला. दक्षिणेने आधीच जाहीर केले होते, की काळ्या पलटणीचे गोरे अधिकारी आणि पकडलेले काळे शिपाई यांना गुलामांच्या बंडाचे कायदे लावू. म्हणजे हाती सापडलो तर युद्धकैद्याचा हक्कही नाही, हे जाणून ही माणसे २८ मे १८६३ रोजी बॉस्टनहून निघाली.

१८ जुलै १८६३ ची फोर्ट वॅग्नरची लढाई प्रसिद्ध आहे, म्हणून थोडक्यातच सांगतो. साउथ कॅरोलिनात चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी मॉरिस बेटावर हा वाळूचा किल्ला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दलदल, मधून अरुंद वाट. दोन दिवसांची उपाशी, थकलेली पलटण सांजावताना सर्वांत पुढे घातली गेली. सहाशेच्या आसपास माणसे गेली. त्यांतली जवळपास निम्मी मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. शॉ तटावरच पडला. शत्रूने त्याला त्याच्या काळ्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरले. त्याचा अपमान करावा म्हणून, असे उत्तरेत सर्वांनी मानले. त्याच्या बापाने मात्र कळवले, की मुलाला तिथेच असू द्या. सार्जंट विल्यम कार्नीने गोळ्या खात निशाण परत आणले. त्याचे पदक त्याला १९०० साली, सदतीस वर्षांनी मिळाले. काळा माणूस लढतो, हे या दिवशी सिद्ध झाले असे पुस्तके सांगतात. दोन महिने आधी लुइझियानातल्या काळ्या पलटणी पोर्ट हडसनला लढून मेल्या होत्या, ते पुरावे बहुधा कमी पडले असावेत. आपल्या माणसाला तीच परीक्षा पुन्हा पुन्हा का द्यावी लागते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला समजावून सांगायला नको.

आता पगार. भरतीच्या वेळी शब्द दिला होता, की इतर शिपायांसारखाच म्हणजे महिना तेरा डॉलर. हाती देऊ केले दहा, आणि त्यातूनही कपड्यांचे तीन कापून सात. गोऱ्या शिपायाला तेरा, वर कपड्यांचा भत्ता वेगळा. पलटणीने सात डॉलर घेण्याचे साफ नाकारले. पगारवाटप करणारा अधिकारी येई आणि रिकामा परत जाई. काम मात्र त्यांनी सोडले नाही. वॅग्नरनंतर त्यांना दिवसरात्र खंदक खणायला लावले, ते खणले. जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलने सप्टेंबर १८६३ मध्ये थेट लिंकनला पत्र लिहून विचारले: आम्ही शिपाई आहोत की मजूर? शिपायाचे काम केले आहे, तर शिपायाचा पगार का नाही?

नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने तोडगा काढला. फरकाची रक्कम राज्य भरील. केंद्राने सात द्यावेत, उरलेले आम्ही देऊ. हेतू चांगलाच होता. पलटणीने तेही नाकारले. पैसे पुरे मिळत होते, पण केंद्र सरकारच्या वहीत नावापुढे सातच राहणार होते. वहीतला तो आकडा त्यांना खोडायचा होता.

नकाराची किंमत काय पडू शकते, ते डोळ्यांसमोर होते. तिसऱ्या साउथ कॅरोलिना पलटणीच्या सार्जंट विल्यम वॉकरने याच अन्यायाविरुद्ध आपल्या तुकडीला शस्त्रे खाली ठेवायला लावली. फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला बंडखोर ठरवून गोळ्या घातल्या. ५४ व्या पलटणीच्या छावणीतही घरच्या उपासमारीची पत्रे येत होती आणि शिस्त तुटायच्या बेतात होती.

इथे माझे स्वतःचे सांगितले पाहिजे. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. पहिली पाच वर्षे मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवले. शेजारच्या वर्गात तोच विषय शिकवणाऱ्या कायम प्राध्यापकाच्या पगाराचा मला एक तुकडा मिळे. त्याला 'मानधन' म्हणतात. मान कुठला आणि धन कुठले! दर वेळी मी सही करून ते घेतले, कारण घरी आईचे औषधपाणी आणि बहिणीची फी होती. त्या मुलीला मी अडखळत उत्तर दिले, त्याचे कारण हे आहे. ज्यांनी घेतले नाही, त्यांच्याबद्दल बोलताना ज्याने घेतले, त्याची जीभ जड होते.

फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडात ऑलस्टीला उत्तरेचा पराभव झाला. माघारी जाणाऱ्या सैन्याची पाठ या बिनपगारी पलटणीने राखली. जखमींनी भरलेल्या आगगाडीचे इंजिन बंद पडले, तेव्हा याच माणसांनी दोर बांधून डबे हाताने ओढत नेले.

अखेर १५ जून १८६४ ला काँग्रेसने समान पगाराचा कायदा केला, तोही मेख मारून. १९ एप्रिल १८६१ रोजी जे स्वतंत्र होते, त्यांना भरतीपासूनचा पूर्ण पगार; त्या दिवशी जे गुलाम होते, त्यांना १८६४ च्या आरंभापासून. एकाच तंबूतली माणसे पुन्हा दोन प्रतींची. शॉनंतरचा कर्नल एडवर्ड हॅलोवेल क्वेकर घरातला. त्याने शपथेची शब्दरचना अशी केली, की त्या दिवशी वा त्यापूर्वी मी कुणाही माणसाला फुकटची मेहनत देणे लागत नव्हतो. आपल्या शब्दांत, मी कुणाची वेठ लागत नव्हतो. पळून आलेला गुलामही हे निर्धास्त म्हणू शकत होता. मालकाने वेठ घेतली असेल, पण ती त्याची लागत कधीच नव्हती. सगळ्यांनी शपथ घेतली. जवळपास दीड वर्षानंतर, १८६४ च्या सप्टेंबरअखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी सगळ्यांच्या हाती पूर्ण पगार पडला.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या लोकांत मी ही शपथ घेणारे शिपाईही धरतो.

गुडिंग त्या पगाराच्या दिवशी नव्हता. ऑलस्टीला जखमी होऊन तो पकडला गेला आणि कायदा झाल्यानंतर महिन्याभराने, १९ जुलै १८६४ रोजी, अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत मेला. सार्जंट स्टीफन स्वेल्स वाचला. गव्हर्नरने त्याला अधिकारी नेमले, तरी तो आफ्रिकी वंशाचा म्हणून युद्धखात्याने जानेवारी १८६५ पर्यंत अडवून धरले. पुढे तो साउथ कॅरोलिनाच्या विधिमंडळात निवडून गेला. पलटण सप्टेंबर १८६५ मध्ये बॉस्टनला परतून विसर्जित झाली.

बॉस्टनमध्ये १८९७ साली या पलटणीचे ब्राँझचे स्मारक उभे राहिले. मधोमध घोड्यावर शॉ, बरोबर पायी चालणारे शिपाई. त्यावर मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे तेव्हाच कोरली. मेलेल्या काळ्या शिपायांची नावे पाठीमागच्या दगडावर आली, ती १९८० नंतरच्या दशकात.