संकटाआधी घ्यायचा निर्णय

एका इंजिनाचे लहान विमान आकाशात असताना ते इंजिन बंद पडले, तर विमान दगडासारखे खाली कोसळणार, अशी सर्वसामान्य समजूत आहे. ती खरी नाही. जगात सर्वाधिक संख्येने बांधले गेलेले सेस्ना १७२ हे विमान ताशी सुमारे १२० किलोमीटरचा वेग राखून तरंगत उतरू लागले, तर उंचीच्या जवळजवळ नऊपट अंतर कापू शकते. तेव्हा इंजिन थांबले म्हणून सारे संपले असे होत नाही. पुढचे बरेचसे वैमानिकाच्या मनावर अवलंबून असते.

आणि मन अशा वेळी हमखास चुकीचा सल्ला देते. उड्डाणानंतर लगेच इंजिन बंद पडले, की मागे राहिलेली धावपट्टी खुणावू लागते. परंतु परतायचे तर विमान तीव्र वळवावे लागते. ६० अंश कललेल्या वळणात पंखांवरील भार दुप्पट होतो, आणि पंखांना हवेचा आधार टिकविण्यासाठी लागणारा किमान वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. वेग आणि उंची दोन्ही अपुरी असताना घेतलेले असे वळण अनेकदा प्राणांतिक ठरले आहे. म्हणूनच पुरेशी उंची नसेल तर नाक खाली करून समोरच्या मोकळ्या जागेत उतरावे, अशी शिकवण दिली जाते. शेतात उतरलेले विमान मोडेल, पण माणसे वाचण्याची शक्यता मोठी असते. यंत्राचा मोह वेळीच सोडणे हेच येथे शहाणपण होय.

ढगांचे संकट याहून फसवे. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने, केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काहीच दिसणार नाही अशा कृत्रिम स्थितीत विमान चालवावयास लावले. सर्वांचा ताबा सुटला; त्यास लागलेला सरासरी अवधी होता १७८ सेकंद. क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारी रचना माणसाला फसविते. विमान वळत असताना ते सरळ चालले आहे असे वाटते. १६ जुलै १९९९ च्या रात्री धुरकट हवेत समुद्रावरून विमान नेणारे धाकटे जॉन केनेडी याच दिशाभ्रमाला बळी पडले, असा निष्कर्ष चौकशीअंती निघाला. पत्नी आणि मेहुणी यांनाही त्यांच्यासमवेत प्राण गमवावे लागले.

यावर उपाय कोणता? वैमानिकांच्या शिक्षणात एक क्रम घोटून घेतला जातो : प्रथम विमान सांभाळा, मग दिशा ठरवा, मग बोला. मे २०२२ मध्ये फ्लोरिडाकडे येणाऱ्या एका लहान विमानाचा वैमानिक आकाशातच अत्यवस्थ झाला. विमान चालविण्याचा अनुभव नसलेल्या प्रवाशाने सुकाणू हाती घेतले. नियंत्रकाने त्याला पंख समतल ठेवून किनाऱ्याच्या कडेने यावयास सांगितले, आणि विमान सुखरूप उतरले. नंतर मार्गदर्शन करणारा दुसरा नियंत्रक स्वतः विमानचालनाचा शिक्षक होता, हा योगायोग खरा; पण आधी मिळालेली सूचना त्याच जुन्या क्रमाची होती.

धैर्य आयत्या वेळी कोठून तरी येते, ही कल्पना आपल्याला प्रिय आहे. वस्तुतः इंधनाची टाकी बदलणे, कार्ब्युरेटरला गरम हवा देणे या साध्या कृतीदेखील सराव नसेल तर घाबरलेल्या माणसाला आठवत नाहीत. निर्णय जमिनीवरच घेऊन ठेवावा लागतो : अमुक उंचीखाली इंजिन थांबले तर मागे वळणार नाही, ढग अमुक इतके खाली आले तर परत फिरेन.

बारामती, गोंदिया येथे आपल्याकडील तरुण विमानचालन शिकतात. त्यांच्या शिक्षकांनी आणि पालकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. उड्डाण अर्धवट टाकून परत आलेल्या विद्यार्थ्याकडे तास वाया गेले, पैसे बुडाले या नजरेने पाहिले, तर पुढच्या वेळी तो परतणार नाही. परतणाऱ्याला भित्रा म्हणण्याची सवय आधी सुटली पाहिजे. हवामान बिघडेल त्या दिवशी तीच सवय कोणाच्या तरी जिवावर बेतेल.