पीएचडीची पोरं जंतूचा माग काढतात, तेव्हा तुमची वही काय करते?



मसाला, लोणचं, मोड आलेली कडधान्यं विकणाऱ्यांना मी बॅच नंबर लिहायला सांगतो, तेव्हा हमखास प्रश्न येतो, "सर, एवढ्याशा धंद्याला हे कशाला?" आज त्याचं उत्तर थेट जर्मनीतून.

मे २०११. उत्तर जर्मनीत लोक रक्ताच्या जुलाबांनी दवाखान्यात भरती व्हायला लागले. कारण ई. कोलाय जंतूचा एक घातक प्रकार. सुमारे ३,८०० आजारी, ५०हून जास्त मृत्यू. हॅम्बुर्गमध्ये स्पेनच्या काकड्यांवर ई. कोलाय सापडला आणि सगळ्यांनी तिकडे बोट दाखवलं. नंतर कळलं, तो प्रकारच वेगळा होता! तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून सडला. भाजी उत्पादकांसाठी युरोपियन युनियनला २१ कोटी युरोंची मदत जाहीर करावी लागली.

अन्नातल्या जंतूंवर पीएचडी करणाऱ्यांसाठी हे प्रकरण म्हणजे अख्खा अभ्यासक्रम आहे. जंतूंचा डीएनए वाचून दोन नमुने सख्खे भाऊ आहेत की नुसते आडनावबंधू, हे ओळखणं त्यांना प्रयोगशाळेत शिकावं लागतं. (काकडीवरचा आडनावबंधू निघाला.) पण तेवढ्याने भागत नाही. माल कारखान्यातून ताटापर्यंत कसा फिरतो, हेही कळावं लागतं. म्हणून युरोपच्या मारी क्युरी योजनेत पीएचडीचे विद्यार्थी एकाच विद्यापीठात बसून राहत नाहीत, कंपन्यांत आणि दुसऱ्या देशांतल्या संस्थांत जाऊन काम करतात. आपली मुलंही तिथे अर्ज करू शकतात बरं का.

तर, खरा माग कसा लागला? सजावटीला टाकलेले मोड कोण लक्षात ठेवतं? म्हणून एका हॉटेलच्या गिऱ्हाइकांना विचारलं, कोणती डिश मागवली होती. त्या डिशमध्ये काय काय पडतं, ते आचाऱ्याला विचारलं. संशय मोडांवर आला. दुसरीकडे बिलं उलटी वाचत गेले. आजारी लोकांचे ४१ गट, आणि सगळ्यांचा धागा लोअर सॅक्सनीतल्या एकाच मोडवाल्याकडे! जूनमध्ये फ्रान्समध्ये बोर्डोजवळही लोक आजारी पडले. दोन्हीकडचा समान दुवा निघाला इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांचा एक लॉट. हो, आपली मेथीच.

आणि गंमत बघा, बियांच्या तपासणीत तो जंतू सापडलाच नाही. निष्कर्ष निघाला तो कागदांवरून.

युरोपच्या कायद्यात याला 'एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे' म्हणतात. माल कोणाकडून घेतला, कोणाला दिला. आपल्याकडेही पाकिटावर बॅच किंवा लॉट नंबर छापणं बंधनकारक आहे, पण नुसता छापून उपयोग काय? वहीत लिहा : मेथी आणल्याची तारीख, दुकान, बिल नंबर, पोत्यावरचा लॉट, त्यातून बनलेली बॅच, ती कोणत्या दुकानात किती पाकिटं गेली. तक्रार आली तर त्या बॅचची चाळीस पाकिटं परत आणाल. वही नसेल तर महिन्याभराचा सगळा माल उचलावा लागेल, आणि दुकानदार पुन्हा दारात उभा करणार नाही.

वहीचे रकाने कसे आखायचे, ते व्हिडिओत दाखवलंय.