दुधाची डिग्री म्हणजे काय?

आमच्या घरी एक म्हैस आहे. रोज सकाळी धार काढली की मी आणि अण्णा डेअरीत दूध घालायला जातो. एके दिवशी तिथल्या काकांनी दुधात काचेची नळी सोडली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "डिग्री २६ आली. पाणी घातलंय." अण्णा काहीच बोलले नाहीत, पण त्या दिवशी ते नीट जेवलेसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटले. धार माझ्यासमोर काढली होती.

मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "आधी डिग्री म्हणजे काय ते समजून घे." शनिवारी ते आम्हाला हायस्कूलच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले.

साहित्य : बुचाची काचेची बाटली, तराजू, पाणी, शेंगतेल, निवलेले दूध.

कृती : कोरडी रिकामी बाटली बुचासकट तोलली. वजन १५० ग्रॅम भरले. मग ती पाण्याने काठोकाठ भरून, बाहेरून पुसून तोलली. ३५० ग्रॅम झाली. तेल भरल्यावर ३३३ आणि दूध भरल्यावर ३५६ ग्रॅम. दर वेळी बाटली धुऊन वाळवली.

आता बाटलीचे १५० वजा करा. पाणी २००, तेल १८३, दूध २०६ ग्रॅम. बाटली तीच, पण वजने वेगळी! तेलाच्या व दुधाच्या वजनाला पाण्याच्या वजनाने भागले. तेलाचे ०.९१५ आले आणि दुधाचे १.०३०. यालाच सापेक्ष घनता किंवा विशिष्ट गुरुत्व म्हणतात. याला ग्रॅम लावायचे नाहीत, कारण पाण्याच्या किती पट एवढेच ते सांगते. तेल १ पेक्षा कमी, म्हणून ते पाण्यावर तरंगते.

डेअरीतली नळी म्हणजे लॅक्टोमीटर. १.०३० असेल तर ती ३० डिग्री दाखवते. दुधात पाणी घातले की दूध हलके होते, नळी जास्त बुडते आणि डिग्री कमी येते.

मग आमची २६ का आली? रविवारी गुरुजी लॅक्टोमीटर घेऊन आमच्या गोठ्यात आले. धार काढल्याबरोबर नळी सोडली, तर २६! तेच दूध गार पाण्याच्या घमेल्यात तासभर ठेवले, हळूच ढवळले आणि परत मोजले. आता २९! धारोष्ण दूध गरम असते आणि त्यात हवेचे बारीक बुडबुडे असतात. म्हणून ते हलके भरते. नळीवर जेवढे तापमान लिहिलेले असते, तेवढ्यालाच मोजायचे असते.

आणखी एक गंमत. साय हलकी असते. कोणी साय काढून मग पाणी घातले, तर डिग्री परत बरोबर येऊ शकते. म्हणून नुसत्या डिग्रीवर भागत नाही, फॅटही बघावे लागते.

आता आम्ही दूध निववून नेतो. मी डेअरीतल्या काकांना हे सगळे सांगितले. ते हसले, पण त्यांनी नळी दोनदा लावून बघितली. पालकांनो, कोणाच्या दुधाला नाव ठेवण्याआधी ते निवू द्या.

– इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी