सौदा चार तारांचा

गणपतीत ऑर्केस्ट्रा ऐकताना आपलं लक्ष गायकाकडे असतं, फार तर ढोलकीवाल्याकडे. मागे एक जण चार तारांची लांब गिटार घेऊन, मान खाली घालून उभा असतो. तो बेस गिटारवाला. तबल्यात डग्ग्याचं जे काम, तेच गाण्यात त्याचं. तो थांबला तर काय गेलं ते सांगता येत नाही, पण गाणं पोकळ वाटू लागतं. गझलेतून रदीफ काढून घ्या, शेर तसाच पोकळ होतो.

बी.ए. करत असताना मी मिरजेकडच्या एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवत असे. १९८९ साली साडेचार हजारांना एक जुनी जपानी गिटार घेतली होती. कवितेनं माझी फी कधी भरली नाही, त्या गिटारीनं भरली. पुढे कीबोर्डवाल्याचा डावा हातच बेस वाजवू लागला आणि माझं काम संपलं. गिटार मात्र राहिली.

मागे एका हिवाळ्यात, जुन्या ओळखीतून, वसईच्या एका तरुणाचा फोन आला. “काका, आजोबांची बेस घरी पडून आहे. ती तुम्ही घ्या, तुमची मला द्या. बरोबरीत.” डिसेंबरात चर्चमध्ये आणि लग्नांत वाजवायला त्याला भरवशाचं वाद्य हवं होतं. आजोबांची बेस सुरात राहत नव्हती. त्यानं फोटो पाठवला आणि माझी झोप उडाली. ती जर्मनीतल्या हॉफ्नर कंपनीची ‘क्लब बेस’ होती, १९६० च्या दशकातली.

इथं थोडा इतिहास सांगायला हवा. पूर्वी हे काम माणसापेक्षा उंच डबल बासकडे होतं. १९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी भरीव लाकडाची, पडदे असलेली ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली आणि बेस गळ्यात अडकवून वाजवता येऊ लागली. हॉफ्नर हे व्हायोलिन परंपरेतलं जुनं घराणं. १८८७ साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या एका गावी सुरू झालेलं, दुसऱ्या महायुद्धानंतर विस्थापित होऊन बव्हेरियातल्या बुबेनरॉइथला स्थिरावलेलं. त्यांनी १९५६ च्या सुमारास पोकळ अंगाची, व्हायोलिनच्या आकाराची बेस काढली. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला पॉल मॅकार्टनीनं ती घेतली आणि बीटल्सबरोबर ती जगभर गेली.

क्लब बेस ही तिचीच बहीण, फक्त अंगानं गोल. आवाज जवळपास तोच, पण लोकांना हवा होता व्हायोलिनचा आकार. म्हणून गोल बेस आज कमी दिसते. दुर्मिळ म्हणजे उत्तम, असं आपण धरून चालतो. पण कित्येकदा एखादी वस्तू तिच्या काळात फार कुणी घेतली नाही, म्हणूनच दुर्मिळ झालेली असते.

तेव्हा वाद्य हातात घेऊन पाहायला हवं. तरुण रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मिरजेला आला. आम्ही एका सतारमेकरांकडे बसलो. त्यांनी आधी दांडी पाहिली. वर्षानुवर्षं तारांच्या ओढीनं दांडी जिथं अंगाला सरसानं चिकटवलेली असते, तो सांधा सैल झाला होता. त्यामुळे वरच्या पडद्यांवर तारा फार उंच गेल्या होत्या. मग घोडी. या बेसवर ती खिळलेली नसते, केवळ तारांच्या दाबानं उभी असते. ती जराशी सरकली की प्रत्येक पडदा बेसूर. तपासायची रीत सोपी आहे. मोकळी तार बाराव्या पडद्यावर नुसती स्पर्शून छेडायची, मग तिथंच दाबून. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. इथं येत नव्हते. अंगाच्या कडेची सेल्युलॉइडची पट्टीही चुरा होऊ लागली होती. तिची वाफ आसपासच्या धातूला गंज आणते. पिकअप आणि खुंट्या मात्र मूळच्याच होत्या.

आणखी एक गोष्ट. पोकळ वाद्याचा स्वर गोल येतो आणि लवकर विरतो. घरात ते सुख आहे. पण मोठ्या स्पीकरसमोर पोकळ अंग तोच आवाज परत धरतं आणि घोंगावू लागतं. मंचावर वाजवणाऱ्या या मुलाला माझी भरीव गिटारच सोयीची होती. म्हणजे सौदा दोघांच्या सोयीचा होता. तरी तो सरळ नव्हता. मी चौकशी केली होती. दुरुस्तीचा खर्च वजा करूनही त्याची बेस माझ्या गिटारीच्या निदान दुप्पट किमतीची होती. हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

माझे अब्बा आठवडी बाजारात कापड विकत. थानात डाग असेल तर ती घडी आधी उलगडून दाखवत, मग भाव सांगत. पण ते विकणारे होते. घेणाऱ्यानं समोरच्याला त्याच्या मालाचं मोल सांगावं का? त्या दुकानात बसून मी बराच वेळ गप्प राहिलो. शेवटी वाटलं, डाग लपवणं आणि मोल लपवणं यांत फरक तो काय?

मी त्याला सगळं सांगितलं. मग माझ्या गिटारीचा दोषही सांगितला. तारांची ओढ तोलायला दांडीत पोलादी सळई असते. माझ्या गिटारीची ती शेवटच्या आट्यापर्यंत पिळून झाली आहे. दांडी आणखी वाकली तर उपाय महागात पडेल. खरं सांगायचं तर, हे सांगायचं मी विसरणारच होतो.

तो थोडा वेळ बेसच्या खुंट्या फिरवत राहिला. “मग आजोबांची ठेवतो, काका. पण डिसेंबरचं काय?”

माझी गिटार तो हंगामापुरती घेऊन गेला. त्याच्या बेसचा सांधा वाफेनं सोडवून सतारमेकरांनी पुन्हा बसवला. त्यानंतर ती जूनपर्यंत माझ्या घरी होती. रोज संध्याकाळी मी अर्धा तास वाजवत असे. जूनमध्ये तो न्यायला आला, तेव्हा तारा मी नव्या घालून ठेवल्या होत्या.