समुद्र दूर, तरी पाणी खारं!

मैत्रिणींनो, कोकणात खाडीकाठी राहणाऱ्या बाईला विचारा, तुमचं पाणी खारं कधी होतं? ती सांगेल, भरती आली की. आणि उन्हाळ्यात जास्तच. दाभोळच्या खाडीतून भरतीचं पाणी वाशिष्ठी नदीत शिरतं. खारं पाणी जड, ते तळाशी राहतं. गोडं हलकं, ते वर. पावसाळ्यात नदीला पूर आला की खारं पाणी पुन्हा समुद्राकडे ढकललं जातं.

आपल्या नांदुऱ्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरी पूर्णाकाठच्या कितीतरी गावांत हापशीचं पाणी तोंडात धरवत नाही. अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात चिकणमातीचे खोल थर आहेत. पाण्याचा निचरा होत नाही, उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. कोकणातला खार पूर धुऊन नेतो. आपल्याकडच्या खाराला बाहेर पडायला वाटच नाही. म्हणून बोअर आणखी खोल नेली की गोडं पाणी लागेल, ही आशा बहुधा फोल ठरते.

याचा भार पडतो बाईवर. दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गोड्या पाण्याचा हंडा लांबून आणावा लागतो. पट्ट्यातल्या काही गावांत मूत्रपिंडाचे रुग्णही बरेच आहेत. पाणी हेच एकमेव कारण म्हणता येत नाही, पण दुर्लक्षही परवडणारं नाही.

बचत गटात बाया हमखास विचारतात, "ताई, उकळून प्यालं तर?" नाही हो! उकळल्यानं जंतू मरतात, खार जात नाही. तुरटीनंही नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले; दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालतात, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या विहिरीचं पाणी एकदा तरी तपासून घ्या. ग्रामपंचायतीत तसा आग्रह धरा.

आणि छतावरचं पाणी वाया घालवू नका. ५०० चौरस फुटांच्या छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर गळती-सांडणी वजा जाता सुमारे २५,००० लिटर पाणी मिळतं. पाच माणसांना पिण्या-रांधण्याला रोज २० लिटर लागलं, तरी वर्षाला ७,३०० लिटर पुरे. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, नंतरचं गाळून झाकलेल्या टाकीत साठवायचं आणि पिण्याआधी उकळायचं. जमिनीतला खार आपल्या हातात नाही, आभाळातलं गोडं पाणी मात्र आहे.