काथ्याचा भुसा
नारळाच्या सोडणातून काथ्याचे तंतू वेगळे करताना तंतूंमधील मऊ, स्पंजासारखे ऊतक सुटून पडते. त्या हलक्या, तपकिरी चुऱ्याला काथ्याचा भुसा म्हणतात. वजनाने सोडणाचा सु. दोन-तृतीयांश भाग भुशाचा असतो. केरळात काथ्या उद्योगाच्या केंद्रांजवळ त्याचे ढीग दीर्घकाळ निरुपयोगी म्हणून पडून राहत व पावसात त्यांतील टॅनिने निथळून आसपासचे पाणी दूषित होई. पुढे बागकामात पीटऐवजी त्याचा वापर होऊ लागला. वाळवून व दाबून केलेल्या त्याच्या विटा ‘कोकोपीट’ या नावाने विकल्या जातात.

सूक्ष्म पोकळ्यांमुळे हा भुसा स्वतःच्या कोरड्या वजनाच्या पाच ते आठ पट पाणी धरून ठेवतो. त्यामुळे रेताड जमिनीत ओल टिकते. चिकण जमीन भुसभुशीत होऊन तीत हवा खेळते. त्यात लिग्निन सु. ३०% असल्याने तो सावकाश कुजतो व त्याचा परिणाम पुष्कळ काळ टिकतो. मात्र तो खत नव्हे; पोटॅशियमाखेरीज इतर पोषक द्रव्ये त्यात अल्प असतात.

कच्चा भुसा दोन कारणांनी पिकास अपायकारक ठरतो. सोडणे खाऱ्या पाण्यात कुजविलेली असल्यास भुशात क्षार राहतात; ते घालविण्यासाठी भुसा गोड्या पाण्याने वारंवार धुतात. कॅल्शियम नायट्रेटाच्या विद्रावात भिजविल्यास कणांना धरून राहिलेले सोडियमही सुटते. दुसरे असे की, त्यातील कार्बन व नायट्रोजन यांचे गुणोत्तर १००:१ पेक्षा अधिक असते. असा भुसा कुजविताना सूक्ष्मजीव जमिनीतील नायट्रोजन वापरून टाकतात व झाडांची पाने पिवळी पडतात.

यासाठी भुसा आधी कुजवून घेणे श्रेयस्कर असते. भारतात रूढ असलेल्या पद्धतीत १ टन भुशाच्या थरांमध्ये ५ किग्रॅ. यूरिया व प्लूरोटस (धिंगरी) अळंबीचे बीज आलटून पालटून पसरतात आणि ढीग ओलसर ठेवतात. सु. एक महिन्यात भुसा काळसर होतो व वरील गुणोत्तर सु. २४:१ पर्यंत उतरते.

नारळाच्या बागांत भुसा वेगळा न काढता सोडणेच झाडांभोवतीच्या चरांत पोकळ बाजू वर करून पुरतात. पावसाचे पाणी झपाट्याने निचरून जाणाऱ्या कोकणातील जांभ्या व रेताड जमिनींत ही पद्धत विशेष उपयुक्त आहे. तिचा परिणाम पाच ते सात वर्षे टिकतो.