पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग : उपचाराची निवड

कोल्हापूरकडून राधानगरी, दाजीपूर असा येणारा रस्ता घाट उतरून जेथे कोकणच्या भूमीत प्रवेश करतो, तेथे कणकवली तालुक्यातील फोंडाघाट हे गाव वसलेले आहे. मोठ्या आजाराचे निदान झाले की येथील रुग्णापुढे तीन वाटा असतात. घाट चढून कोल्हापूरला जावे, दक्षिणेस गोव्याकडे वळावे किंवा कणकवलीहून कोकण रेल्वेने मुंबई गाठावी. यांपैकी कोणती वाट धरावी, याचा निर्णय पुष्कळदा एका रात्रीत आणि ऐकीव माहितीवर होतो. पुरःस्थ ग्रंथीच्या, म्हणजेच प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या बाबतीत अशी घाई बहुतेक वेळा अनावश्यक असते. या रोगाच्या अनेक रुग्णांना एकाहून अधिक उपचार सारखेच उपयुक्त ठरू शकतात. त्यांतील कोणता पत्करावा, हे रोगाच्या अवस्थेइतकेच रुग्णाचे वय, त्याचे इतर आजार आणि पुढील आयुष्याबद्दलच्या त्याच्या अपेक्षा यांवर अवलंबून असते. म्हणूनच ही निवड रुग्णाला डावलून होता कामा नये.

निदानातून काय कळते?

पुरःस्थ ग्रंथी ही पुरुषाच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असणारी आक्रोडाएवढी ग्रंथी होय. उतारवयात ती बहुतेकांची वाढते. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे ही लक्षणे या साध्या वाढीचीही असतात. रक्तातील ‘पीएसए’ या घटकाचे प्रमाण कर्करोगात वाढते, तसेच ते साध्या वाढीत व जंतुसंसर्गातही वाढते. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावरून कर्करोग झाला असे म्हणता येत नाही. ग्रंथीचे सूक्ष्म तुकडे सुईने काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, म्हणजेच बायोप्सी करणे, हाच निदानाचा सर्वसाधारण मार्ग आहे.

बायोप्सीच्या अहवालात ‘ग्लीसन’ हा शब्द आढळतो. डोनाल्ड ग्लीसन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात बसविलेल्या या पद्धतीत कर्करोगाच्या पेशींच्या रचनेवरून रोगाची आक्रमकता अंकांत सांगितली जाते. आजच्या अहवालात सामान्यतः ६ ते १० यांमधील अंक असतो. ६ म्हणजे मंद गतीचा, तर ८ ते १० म्हणजे आक्रमक रोग. हा अंक, पीएसएचे प्रमाण आणि ग्रंथीतील रोगाचा विस्तार या तीन बाबी एकत्र पाहून तज्ज्ञ रोगाला कमी, मध्यम किंवा अधिक धोक्याचा ठरवितात. पीएसए १० पेक्षा कमी, ग्लीसन ६ आणि रोग ग्रंथीच्या लहानशा भागात असल्यास धोका कमी मानतात. पीएसए २० च्या वर किंवा ग्लीसन ८ अथवा त्याहून अधिक असल्यास तो अधिक धोक्याचा ठरतो. अशा वेळी रोग हाडांत वा अन्यत्र पसरला आहे काय, हे पाहण्यासाठी हाडांचा स्कॅन किंवा पेट स्कॅन करावा लागतो.

या तपासण्या पूर्ण होण्याआधी उपचार ठरविणे म्हणजे शेताची मोजणी होण्याआधी कुंपण घालण्यासारखे आहे.

वेळ केव्हा आहे, केव्हा नाही?

रोग ग्रंथीपुरता असेल, तर तपासण्या पूर्ण करणे, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे आणि घरात विचारविनिमय करणे यांसाठी काही आठवडे घेतल्याने सहसा नुकसान होत नाही. कमी धोक्याच्या रोगात तर भातकापणी उरकून निर्णय घेण्यासही डॉक्टर संमती देऊ शकतात. मात्र लघवी पूर्ण अडणे, कंबरेत वा पाठीत सतत वाढणाऱ्या वेदना, पायांतील शक्ती जाणे किंवा पाय बधिर होणे ही लक्षणे दिसल्यास एक दिवसही दवडू नये. कण्यातील मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असू शकते, आणि उपचारास विलंब झाल्यास पाय कायमचे लुळे पडण्याचा धोका असतो.

रोग ग्रंथीपुरता असल्यास

अशा रुग्णापुढे मुख्यतः तीन पर्याय असतात. पहिला म्हणजे सक्रिय देखरेख. कमी धोक्याच्या रोगात लगेच उपचार न करता ठराविक महिन्यांनी पीएसए तपासणी, आवश्यकतेनुसार एमआरआय व पुन्हा बायोप्सी केली जाते आणि रोग वाढतो असे दिसल्यासच उपचार सुरू होतात. दुसरा पर्याय शस्त्रक्रियेने संपूर्ण ग्रंथी काढण्याचा. तिसरा किरणोपचाराचा. त्यास काही रुग्णांत संप्रेरकरोधक औषधांची जोड द्यावी लागते.

यांपैकी कोणता श्रेष्ठ, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ब्रिटनमध्ये एक मोठी चाचणी झाली. १९९९ ते २००९ या काळात रक्ततपासणीतून रोग आढळलेल्या, ५० ते ६९ वर्षे वयाच्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे देखरेख, शस्त्रक्रिया व किरणोपचार अशा तीन गटांत विभागण्यात आले. सुमारे १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण देखरेखीच्या गटात ३.१ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात २.२ टक्के व किरणोपचाराच्या गटात २.९ टक्के होते. हा फरक नगण्य होय. मात्र रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण देखरेखीच्या गटात ९.४ टक्के, तर इतर दोन गटांत ५ टक्क्यांच्या आसपास होते. देखरेखीच्या गटातील निम्म्याहून अधिक पुरुषांना पुढे केव्हा ना केव्हा शस्त्रक्रिया वा किरणोपचार घ्यावे लागले.

हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. त्या चाचणीतील रोग रक्ततपासणीत लवकर सापडलेला होता. ग्रामीण भागात पुष्कळ रुग्ण त्रास सुरू झाल्यावरच डॉक्टरांकडे येतात, आणि तोवर रोग पुढे गेलेला असू शकतो. तरीही आकड्यांतून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. लवकर सापडलेल्या रोगात आयुष्य किती मिळेल यापेक्षा ते कसे जगावे लागेल, हाच निवडीचा खरा प्रश्न ठरतो. शस्त्रक्रियेनंतर लघवीवरील ताबा काही काळ, क्वचित कायमचा, सुटू शकतो आणि लैंगिक क्षमता कमी होऊ शकते. किरणोपचारानंतर शौचाचे व लघवीचे त्रास उद्भवू शकतात, आणि लैंगिक क्षमतेवर त्यांचाही परिणाम होतो. संकोचामुळे या गोष्टी घरात बोलल्या जात नाहीत आणि डॉक्टरांनाही विचारल्या जात नाहीत. उपचारानंतर त्या अकस्मात अनुभवास आल्या की रुग्ण खचतो. त्याची व त्याच्या पत्नीची या परिणामांविषयी आधीच स्पष्ट समजूत घातली जाणे अगत्याचे आहे.

देखरेखीचा पर्याय स्वीकारणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. देखरेख म्हणजे दुर्लक्ष नव्हे. ठरलेल्या तारखेस तपासणी होणार असेल, तरच हा मार्ग सुरक्षित आहे. पावसाळा, लावणी, गणेशोत्सव किंवा आंब्याचा हंगाम अशा कारणांनी तारखा चुकणार असतील, तर रुग्णाने ते डॉक्टरांना आधीच सांगावे आणि पर्यायाचा फेरविचार करावा.

अंतराचा प्रश्न किरणोपचारातही येतो. पूर्वी आठवड्याचे पाच दिवस याप्रमाणे सात ते आठ आठवडे हे उपचार चालत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीनंतर चार आठवड्यांत २० बैठका हा क्रम अनेक ठिकाणी रूढ झाला. निवडक रुग्णांत आता केवळ पाच बैठकांतही उपचार पूर्ण करता येतात. घरापासून दूर राहावे लागणाऱ्या रुग्णाने ‘माझ्या रोगात किती बैठका लागतील व कमी बैठकांचा मार्ग मला लागू पडेल काय’ हे जरूर विचारावे.

परळ येथील संशोधन

या विषयात महाराष्ट्रातही मोलाचे कार्य झाले आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय १९६२ पासून केंद्र शासनाच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. अधिक धोक्याच्या पण अन्यत्र न पसरलेल्या रोगात किरण केवळ ग्रंथीवर द्यावेत की ओटीपोटातील लसीकाग्रंथींवरही द्यावेत, हा जगभरातील तज्ज्ञांत मतभेदाचा विषय होता. टाटा रुग्णालयाने २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्णांची चाचणी घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पाच वर्षांनी रक्ततपासणीत रोग पुन्हा न उद्भवलेल्यांचे प्रमाण ओटीपोटावरही किरण दिलेल्या गटात ९५ टक्के, तर केवळ ग्रंथीवर दिलेल्या गटात ८१.२ टक्के आढळले. एकूण आयुर्मानात तोपर्यंत फरक दिसला नव्हता, आणि लघवीचे त्रास पहिल्या गटात अधिक होते. अधिक लाभाबरोबर अधिक त्रास येतो आणि दोन्ही तोलून पाहावे लागतात, हेच या चाचणीवरूनही दिसते.

रोग पसरला असल्यास

रोग हाडांत पोहोचला असेल, तर तो समूळ नाहीसा होणे अवघड असते. परंतु तो अनेक वर्षे काबूत ठेवता येतो. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर वाढतो, असे चार्ल्स हगिन्स या शास्त्रज्ञाने १९४१ मध्ये दाखविले. त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे संप्रेरक बंद करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, दर महिन्यास, तीन महिन्यांनी वा सहा महिन्यांनी घ्यावयाचे इंजेक्शन. दुसरा, लहानशा शस्त्रक्रियेने वृषण काढून टाकणे. संप्रेरक कमी करण्यात दोन्ही मार्ग सारखेच परिणामकारक आहेत. इंजेक्शनांचा खर्च व फेऱ्या आयुष्यभर असतात, पण ती थांबविता येतात. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि तारीख चुकण्याची भीती राहत नाही. मात्र ती कायमची असते आणि पुरुषाच्या मनावर तिचा आघात होऊ शकतो. दूरच्या गावातील, हाताशी रोकड नसलेल्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा मार्ग सोयीचा वाटू शकतो. तथापि गरिबी म्हणून तो त्याच्यावर लादला जाऊ नये. दोन्ही बाजू ऐकून त्याने स्वतः ठरवावे.

केवळ संप्रेरक बंद करण्यावर आता थांबत नाहीत. २०१५ व २०१७ मधील मोठ्या चाचण्यांनी असे दाखविले की, आरंभापासूनच डोसिटॅक्सेल किंवा अबिराटेरॉन यांसारखे औषध जोडल्यास अनेक रुग्णांचे आयुष्य वाढते. प्रकृती साथ देत असेल, तर या जोडीविषयी विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. संप्रेरक बंद केल्याने अंगातून गरम वाफा येणे, हाडे ठिसूळ होणे, स्नायू क्षीण होणे, मधुमेह वाढणे असे परिणाम संभवतात. त्यांसाठी व्यायाम व नियमित तपासणी आवश्यक असते. अतिवृद्ध वा अन्य गंभीर आजाराने जर्जर झालेल्या रुग्णात मात्र केवळ त्रासाचे शमन करणे हाच उचित उपचार ठरू शकतो. त्यास हार मानणे समजू नये.

खर्च आणि प्रवास

राज्यात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने राबविली जाते. २०२३ मध्ये शासनाने तिची व्याप्ती वाढविण्याचा व प्रति कुटुंब वार्षिक संरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा तीत समावेश आहे. आपल्याला सुचविलेला नेमका उपचार योजनेत बसतो काय, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून उपचारापूर्वी विचारून घ्यावे. खर्च केल्यानंतर विचारण्यात अर्थ नाही.

कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी प्रवास करताना रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ७५ वर्षांवरील नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीने राज्यात विनामूल्य प्रवास करता येतो. मुंबईत राहण्याची सोय नसलेल्यांना दादर येथील श्री गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार अनेक वर्षांपासून मिळत आला आहे. दुसरे मत घेण्यास जाताना केवळ अहवालाचा कागद पुरत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या व मेणाचे ठोकळेही मूळ प्रयोगशाळेतून मागून न्यावेत. त्यावाचून पुन्हा सुई टोचून घेण्याची पाळी येऊ शकते.

गावाने काय करावे?

कोकणातील घरांत मोठे निर्णय मुंबईचा चाकरमानी मुलगा दूरध्वनीवरून घेतो आणि वडिलांना ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले जाते, हा प्रकार नवा नाही. त्यामागे माया असते. परंतु ज्याच्या शरीरावर उपचार होणार, तोच अंधारात राहतो. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि आरोग्य कर्मचारी यांचे गावात वजन असते. रुग्णास सर्व काही समजावून सांगावे, असे त्यांनी कुटुंबाला सुचवावे. डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न त्यांनी कागदावर लिहून द्यावेत : रोग कोणत्या अवस्थेत आहे? ग्लीसन अंक किती? माझ्यापुढे कोणते पर्याय आहेत? प्रत्येकाचे लाभ कोणते, त्रास कोणते? काहीच न केल्यास काय होईल? खर्च किती व योजनेतून किती मिळेल? शक्य तर एक लिहिता-वाचता येणारा माणूस सोबत पाठवावा. डॉक्टरांसमोर ऐकलेले अर्धे शब्द रुग्णाच्या ध्यानात राहत नाहीत.

कर्करोग हमखास बरा करण्याचा दावा करणाऱ्या गावठी औषधांच्या नादी लागून हाती असलेले महिने वाया जाऊ नयेत, हेही त्यांनी पाहावे. पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग बहुतेकांना विचार करण्यास अवधी देतो. त्या अवधीत रोगाची अवस्था नीट समजून घेतली, घरच्यांशी मोकळेपणाने बोलणे झाले आणि तज्ज्ञांना सर्व प्रश्न विचारले, तर घाट चढून जावे, गोव्याकडे वळावे की मुंबईची गाडी धरावी, हे रुग्ण स्वतः ठरवू शकेल, आणि पुढे आलेला त्रासही तो अधिक धीराने सोसू शकेल.